दुखत नाही, म्हणून दाखवत नाही



फणसवाडीत, चिराबाजारात, ठाकूरद्वारला लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्यापैकी बहुतेकींनी घरात 'टाटाला आलेले' पाहुणे पाहिले आहेत. कोकणातून कुणी मावशी यायची, तिच्याबरोबर तिचा दीर किंवा मुलगा असायचा. दीड खोलीत त्यांच्यासाठी एक सतरंजी जास्त पडायची आणि सकाळी लवकर डबा व्हायचा. मोठी माणसं आवाज खाली करून एवढंच म्हणायची, ''टाटाला दाखवलंय.'' आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. परळच्या हॉस्पिटलचं नाव हेच आजाराचं नाव होतं.

आज आम्ही ते नाव मोठ्याने घेणार आहोत: स्तनाचा कर्करोग. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाला. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. लवकर सापडला तर यातून बाई बरी होते, आणि उशीर झाला तर तोच आजार फार जड जातो, हे सांगायचं आहे. म्हणून आजचं सगळं बोलणं उशिराबद्दल आहे. उशीर का होतो, आणि तो कसा टाळायचा.

आमच्यातल्याच एकीची गोष्ट. गौरी-गणपतीच्या सुमारास अंघोळ करताना तिच्या हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. म्हणाली, गणपती होऊ देत. मग नवरात्र आलं, मग दिवाळीचा फराळ, मग नणंदेच्या मुलीचं लग्न, मग धाकट्याची दहावी. होळीनंतर बाह्यांचे ब्लाउज घालताना काखेत काहीतरी टोचायला लागलं, तेव्हा तिने बहिणीला सांगितलं. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. पुढे केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन सगळं झालं, आणि आज ती आमच्याबरोबर इथे बसलेली आहे. हे भाषण लिहिताना ती म्हणाली, ''माझं नाव नको, पण महिने सांगा. सात महिने.'' आम्ही तिला विचारलं, एवढे दिवस थांबलीस कशी? ती म्हणाली, ''दुखत नव्हती ना गं.''

मैत्रिणींनो, फसवणूक इथेच होते. दुखलं की आपण दाखवतो. दाढ दुखली, पोटात कळ आली की धावतो. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात, ते बहुतेक वेळा संप्रेरकांमुळे असतं आणि पाळी आली की कमी होतं. म्हणजे दुखणं ही कर्करोगाची खूण नव्हे, आणि न दुखणं ही सुखरूप असल्याची खूण नव्हे.

हे नीट कळायला आधी स्तन आतून कसा असतो ते पाहू. दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींचे पंधरा ते वीस पुंजके असतात. त्यांच्यापासून दूध वाहून नेणाऱ्या नळ्या निघतात आणि स्तनाग्राशी येतात. या सगळ्याच्या मधून चरबी आणि धाग्यांसारख्या पेशी भरलेल्या असतात. म्हणून हाताला स्तन कधीच लोण्यासारखा एकसारखा लागत नाही, थोडा दाणेदार, गुठळ्या-गुठळ्यांचा लागतो. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं हेही साधारण आहे. कर्करोग बहुतेक वेळा दुधाच्या नळ्यांच्या अस्तरात सुरू होतो. तिथल्या काही पेशी बेशिस्त वाढू लागतात. त्या बाहेर पडल्या तर आधी बहुधा काखेतल्या लसीका गाठींमध्ये जातात. म्हणूनच डॉक्टर स्तनाबरोबर काखही तपासतात.

आता धीर देणारी गोष्ट. हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून सटकणारी, रबरासारखी गाठ असते, तिला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेली गाठ होते. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून गाठ येते. या गाठी कर्करोगाच्या नाहीत. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, शेजारच्या काकूंनीही ठरवायचं नाही. ते तपासणीनेच ठरतं.

मग कशाकडे लक्ष ठेवायचं? स्तनात किंवा काखेत नवी गाठ किंवा घट्टपणा. एका स्तनाच्या आकारात झालेला फरक. कातडीला पडलेली खळी, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. पूर्वी बाहेर असलेलं स्तनाग्र आत ओढलं जाणं. स्तनाग्रावर बरी न होणारी खपली किंवा चट्टा. स्तनाग्रातून आपोआप येणारा स्राव, विशेषतः रक्ताचा. कातडीला आलेली लाली किंवा सूज, जी औषध घेऊनही जात नाही. यातलं काहीही एक पाळी उलटून गेल्यावरही राहिलं, तर दाखवायचं. पाळी बंद झालेल्या बाईने तर एक पाळीही थांबायचं नाही. रक्त आलं किंवा कातडी ओढली गेली तर कुणीच थांबायचं नाही.

पण बदल झालाय हे कळायला आपला स्तन नेहमी कसा असतो ते माहीत हवं. आणि इथे आपल्या घरांची अडचण येते. चाळीत मोरीला पडदा असतो, बाहेर कुणीतरी घाई करत असतं, पाणी जायच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या असतात. आरसा असतो तो कपाटाला, आणि खोलीत सासरे पेपर वाचत बसलेले. स्वतःच्या अंगाकडे निवांत बघायला बाईला जागाच नसते. म्हणून आम्ही सोपा मार्ग सांगतो. पाळी सुरू झाल्यापासून साधारण सात ते दहा दिवसांनी, स्तन मऊ असतात तेव्हा, अंघोळीत साबणाचा हात फिरवा. ओल्या साबणाने बोटं छान सरकतात. मधल्या तीन बोटांचे सपाट भाग वापरा, चिमटीत पकडू नका. चिमटीत धरलं की सगळंच गाठीसारखं लागतं. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत हात जाऊ दे. दुपारी घर रिकामं असेल तेव्हा कधीतरी आरशासमोर उभ्या राहा, हात वर करून आणि कमरेवर ठेवून बघा, कुठे खळी पडते का. ज्यांची पाळी बंद झाली आहे त्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. आमच्यातल्या एकीने संकष्टी ठरवली आहे. ती म्हणते, चंद्रोदयाची वाट बघायचीच असते, तेवढ्यात होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसतं घरी स्वतः तपासून जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या २ लाख ६६ हजारांहून अधिक बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या बायकांना स्वतःची तपासणी कशी करायची ते नीट शिकवलं, पुनःपुन्हा उजळणी घेतली. २००२ साली निकाल छापून आले तेव्हा दिसलं की दोन्ही गटांत या आजाराने झालेले मृत्यू जवळपास सारखेच होते. शिकवलेल्या गटात साध्या गाठींचे तुकडे काढून तपासण्याचे प्रकार मात्र वाढले. तेव्हा घरची तपासणी म्हणजे परीक्षा नाही, ती चुकली म्हणून अपराधी वाटायचं कारण नाही, आणि 'मला काही लागलं नाही' म्हणून निर्धास्त राहायचंही कारण नाही. घरचा हात म्हणजे फक्त ओळख. निदान करायचं ते शिकलेल्या हाताने.

आणि त्या शिकलेल्या हाताची गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९९८ साली तिथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. मॅमोग्राफी महाग, यंत्रं थोडी, मग नुसत्या हाताने तपासून काही साधतं का, हा प्रश्न होता. ३५ ते ६४ वर्षांच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. वस्त्यांचे वीस भाग केले. दहा भागांतल्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या, आपल्यासारख्याच बायका. उरलेल्या दहा भागांत या आजाराची माहिती दिली. त्यानंतर वीस वर्षं या सगळ्या बायकांचा मागोवा ठेवला.

डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली निकाल प्रसिद्ध केले. कर्करोग निघालेल्या बायकांपैकी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचलेल्या किती होत्या? माहिती दिलेल्या भागांत शंभरातल्या ४७, आणि हाताने तपासलेल्या भागांत ३७. म्हणजे शिकलेल्या हाताला आजार लवकर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये आजार लवकर सापडला, पण मृत्यूंमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही. सगळ्या वयांचा मिळून हिशोब केला तर घट सुमारे १५ टक्के निघाली, आणि तीही योगायोगाची असू शकेल एवढीच. हेही सांगायला हवं, कारण आम्हाला जादू विकायची नाही. पण विचार करा. यंत्र नाही, सुई नाही, काही मिनिटांचं काम. आपल्याच शहरातल्या, हातावर पोट असलेल्या बायकांनी दार उघडलं, पदर बाजूला केला, म्हणून जगाला हे कळलं.

म्हणून आमचं सांगणं असं. तिशीनंतर डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या आरोग्यसेविकेकडून स्तनांची तपासणी करून घ्या. सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी ही तपासणी ठेवलेली आहे, दर पाच वर्षांनी. आशाताई घरी आल्या की आपण रक्तदाब आणि साखर विचारतो, तसं हेही विचारायचं. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वेळा करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबतात, क्षणभर दुखतं, पण तेवढंच. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, चित्रात ठिपके दिसतात. तरुण वयात स्तन दाट असतो, म्हणून एक्स-रेत नीट दिसत नाही, तेव्हा सोनोग्राफी करतात. आई, बहीण, मावशी, आत्या यांना हा आजार झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. वडिलांकडचंही धरायचं. बीआरसीए नावाच्या जनुकांतला दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. पण हेही ध्यानात ठेवा, की हा आजार होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच तो झालेला नसतो. 'आमच्यात नाही हो कुणाला' हे कारण पुरत नाही.

मग होतो कशाने? एकच कारण दाखवता येत नाही. वय वाढतं तसा धोका वाढतो. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा बंद होणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं किंवा न होणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू, यांनी धोका थोडा-थोडा वाढतो. चालणं-फिरणं आणि अंगावर पाजणं यांनी थोडा कमी होतो. घट्ट ब्रेसियरने होत नाही. पैसे किंवा मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवल्याने होतो, असाही पुरावा नाही. मार लागल्याने होत नाही. एकीचा दुसरीला लागत नाही, तिचं ताट वेगळं करू नका. आणि कुणाच्या पापाने तर मुळीच होत नाही. पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांमागे साधारण एकाला. तेव्हा घरातल्या पुरुषाच्या छातीत गाठ लागली तर तोही दाखवू दे.

आता दाखवायचं म्हणजे नेमकं काय? आधी शब्द. आपण लाजून म्हणतो, 'छातीत काहीतरी होतंय', आणि समोरचा ईसीजी काढायला सांगतो. तेव्हा स्पष्ट म्हणा, ''स्तनात गाठ लागतेय.'' ओळखीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. मोठ्या हॉस्पिटलात जे.जे., नायर, केईएम कुठेही गेलात तर स्तनाची गाठ बघायचं काम सर्जरीच्या ओपीडीत होतं. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना नर्स किंवा आपलं माणूस खोलीत असू दे, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. परळला टाटामध्ये जायचं तर चर्नी रोडहून धीमी लोकल, प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा. आपल्याकडून तेवढंच लांब आहे.

तपासणीच्या तीन पायऱ्या असतात. हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने बघणं, आणि सुईने तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायॉप्सी. तिन्हींचा मेळ बसला की निदान पक्कं. सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत घराघरात आहे आणि तिने फार नुकसान केलंय. बायॉप्सीशिवाय कुठलं औषध द्यायचं हेच ठरत नाही. उलट एक धोक्याची सूचना द्यायची आहे. कुणी म्हणालं, 'छोटीशी गाठ आहे, लगेच कापून टाकू, तपासायचं काय', तर थांबा. संशय असलेली गाठ आधी सुईने तपासायची, मग काढायची. आधी कापली तर पुढच्या उपचारांचा हिशोब बिघडतो.

आणि निघालाच कर्करोग, तर? स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ फार मोठी नसेल तर ती आणि भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन देतात. इटली आणि अमेरिकेत अशा बायकांचा वीस-वीस वर्षं मागोवा घेतला, आणि योग्य रुग्णांमध्ये स्तन पूर्ण काढला काय किंवा राखला काय, आयुष्य सारखंच मिळतं हे दिसलं. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तरी उपाय एकच, लवकर दाखवणं. केमो लागतेच असंही नाही, ते गाठीच्या जातीवर ठरतं. काहींना पाच-दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते, ती मध्येच सोडायची नाही. खर्चाची धास्ती असते, ती खरीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटा, आणि हे उपचार सुरू करण्याआधी करा. गावाहून येणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. दीड खोलीत जागा नाही म्हणून कुणी गावीच थांबू नये.

घरच्यांनाही दोन शब्द. बाईने सांगितलं की 'बघू नंतर' म्हणू नका. तिच्याबरोबर जा. आमच्या मैत्रिणीला सात महिन्यांत कुणी अडवलं नव्हतं. पण कुणी विचारलंही नव्हतं. सण तिनेच पार पाडायचे, लग्नाचे लाडू तिनेच वळायचे, मुलाचा अभ्यास तिनेच घ्यायचा, मग स्वतःला दाखवायला वार कुठला उरतो? तो वार घरच्यांनी काढून द्यायचा असतो. तिच्या बहिणीने ते केलं. ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन गेली.

पूर्वी आपल्या घरांत 'टाटाला दाखवलंय' हे शेवटचं वाक्य वाटायचं, कारण तिथे जायला आपणच उशीर करायचो. ते पहिलं वाक्य व्हायला हवं. म्हणून आज भाषण वाचून झालं की एक काम करा. ज्या बाईशी तुम्ही हे बोलू शकता अशी एक मैत्रीण, जाऊ, शेजारीण ठरवा, आणि एकमेकींना विचारा, ''तू कधी दाखवलं होतंस?'' उत्तर 'कधीच नाही' असेल, तर दोघींनी मिळून वार ठरवा. आमच्या मैत्रिणीचा तुम्हाला निरोप आहे: गणपती दरवर्षी येतात, ते थांबतील. तुम्ही थांबू नका.